एका डब्यात सोनपेठ

आमच्या घरी गाडी होती म्हटलं की लोकांना वाटतं, बडे बागायतदार असतील. कुठलं काय! मोसंबीची बाग एक वर्ष बरी लागली आणि त्या आनंदात नाना, म्हणजे माझे वडील, परभणीला जाऊन एक जुनी पेट्रोलची गाडी घेऊन झरीला आले. चॉकलेटी रंग, पोट सुटलेली डिकी, आणि दार लावलं की गल्लीतली झोपलेली कुत्री उठून बसायची. आई तिला सवत म्हणायची. नानांच्या तोंडावर नाही, पण ते अंगणातून हलले की म्हणायचीच. "आणली माझ्या उरावर सवत, आन तीबी अशी खादाड. कितीबी पाजा, तोंड वरच."

खादाड तर ती होतीच. पण तिला खादाड कुणी केलं, ते आमच्या घरातली सकाळ पाहिल्याशिवाय कळायचं नाही. नाना अंघोळीला जायच्या आधी गाडी चालू करायचे. मग अंघोळ, मग पूजा, मग देवाला हळदकुंकू, मग कपाळाला गंध, आणि तेवढा सगळा वेळ गाडी अंगणात घुरघुरत उभी. "गरम होऊ दे तिला," म्हणायचे. आत नानांचं स्तोत्र, चुलीपाशी आईच्या भाकरी थापण्याचा थप थप आवाज, बाहेर इंजिन. उदबत्तीचा आणि धुराचा वास एकात एक मिसळलेला. आजही कुठं उदबत्ती लागली की मला पेट्रोलचा वास येतो, आणि सुना म्हणतात, आत्याबाईंचं काहीतरीच असतं. असू दे.

गावात कुणाच्या दारात गेले तरी नाना गाडी बंद करत नसत. सोसायटीत गेले, गाडी बाहेर चालू. न्हाव्याकडं दाढीला बसले, गाडी बाहेर चालू. लोकांना वाटायचं, माणसाला लय घाई असते. खरं कारण घरात आम्हाला तेवढं माहीत होतं. गाडी घेतल्या घेतल्या नानांनी ती सासुरवाडीला, सोनपेठला, दाखवायला नेली होती. जेवणं झाली, हार घातलेली गाडी, सगळी गल्ली बघायला उभी, आणि नानांनी चावी फिरवली तर नुसतं टक्. पुन्हा टक्. शेवटी आईच्या भावानं, म्हणजे भाऊमामांनी, आणि त्यांच्या दोस्तांनी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेली, आणि ढकलता ढकलता मामा ओरडले, "बाजूला व्हा रे, जावईबापूंची ढकलगाडी आली!" झालं. त्या दिवसापासून नानांनी चारचौघांत ती गाडी कधी बंद म्हणून केली नाही. पुढं सोनपेठला गेलो की जेवण चालू असतानाही ती दारात घुरघुरत असायची. नानांचा हात ताटात, कान बाहेर. आवाज जरा बदलला की घास हातातच ठेवून उठायचे.

परवा नातीच्या गाडीतून परभणीत बाजाराला गेले. चौकात लाल दिवा लागला तशी गाडी आपोआप गप्प झाली. मी दचकून म्हटलं, "अगं, बंद पडली!" ती हसायला लागली. म्हणाली, "आजी, पेट्रोल वाचावं म्हणून ती स्वतःच बंद होते." जे आमच्या घरात एका माणसाला जमायला एवढा जीव काढावा लागला, ते आता यंत्र करतंय.

आता आईची गोष्ट सांगते, कारण सगळं तिच्यासाठीच होतं. आई शाळेत मास्तरीण होती. झरीच्या आतल्या बाजूला एक वाडी आहे, तिथली शाळा. एसटी तिकडं जात नव्हती. आई कितीतरी वर्षं बांधाबांधानं चालत जायची, पावसाळ्यात चिखल तुडवत जायची, कधी कुणाच्या बैलगाडीत बसून यायची. मग तिचा गुडघा गेला. जिन्याची एक पायरी चढताना ओठ चावायची. गाडी आली तेव्हा नाना तिला सोडायला जाऊ लागले आणि आईचं वर्ष निभावलं. ती पोरांसाठी घरी बसून तक्ते रंगवायची. अननसाचा अ, आगगाडीचा आ. अननस तिनं स्वतः कधी खाल्लेलं नव्हतं, पण काढायची मात्र असं की तोंडाला पाणी सुटावं. त्या तक्त्यांना हात लावलेला तिला खपायचा नाही.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी नाना जेवताना म्हणाले, "गाडी देऊन टाकायचं ठरवलंय. परभणीची एक पार्टी हाय. परवा बघून गेली."

आईनं वाढता वाढता हात थांबवला. "आन शाळा?"

"शाळेचं काय? लय झाली नोकरी. गुडघा बघ तुझा. घरी बस की आता आरामात. हा हत्ती मी कुठवर पोसायचा?"

आई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं जेवणं उरकली, भांडी आवरली, आणि भिंतीवरचे वाळत घातलेले तक्ते काढून, गुंडाळून, सुतळीनं बांधून मला म्हणाली, "सुमे, हे माळ्यावर टाक." मी वर चढले, गठ्ठा ठेवला आणि तिथंच बसून रडले. रडून झाल्यावर मला राग आला. आणि मला राग आला की मग माझं कुणी काही करू शकत नाही, हे आमच्या घरात तेव्हाही माहीत होतं आणि आजही माहीत आहे.

खाली उतरून थेट नानांसमोर उभी राहिले. माझी कॉलेजची परीक्षा नुकतीच झाली होती. गाडी चालवायला नानांनीच मला बागेतल्या रस्त्यावर शिकवलं होतं, लायसनही काढून दिलं होतं. लेकीला गाडी येते हे सांगायला त्यांना आवडायचं. मी म्हटलं, "नाना, गाडी कमी प्यायली तर ठेवाल का?"

"ती कमी पिणारच न्हाई."

"प्यायली तर?"

नाना माझ्याकडं बघत राहिले. त्या साली अधिक महिना होता, आणि सोनपेठहून धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलेलं होतं. अधिकात जावयाला धोंडे खायला बोलवायचं, त्याला ओवाळायचं, अनारशांचं वाण द्यायचं, ही आमच्याकडची मोठी गोष्ट. ते जेवण शाळा उघडायच्या आदल्या दिवशी ठरलं होतं. नाना म्हणाले, "दर खेपेला सोनपेठला जाताना गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्यानं एक डबा पेट्रोल टाकतो. जाऊस्तोवर पुरतं, येताना गंगाखेडला पुन्हा टाकावं लागतं. यंदा एकाच डब्यात जाऊन-येऊन दाखव. गाडी तू चालव. मधी कुठंबी पंपावर थांबावं लागलं की गाडी त्या पार्टीची, आन तुझ्या आईची नोकरी खलास. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

दुसऱ्याच दिवशी गाडी परभणीला रहीमचाचांच्या गॅरेजला नेली. रहीमचाचा म्हणजे परभणीतला सर्वांत चिडका मिस्त्री. त्यांनी बॉनेट उघडलं, हवा गाळायचा फिल्टर बाहेर काढला, आणि माझ्या नाकासमोर धरला. "ये फिल्टर है? मेरे कू तो घोंगडी दिखरी!" झटकला तर त्यातून झरीच्या सगळ्या शेतांची माती पडली. प्लग काजळीनं काळे कुट्ट. पुढचं एक चाक ब्रेकला घासत होतं, हात लावला तर चटका बसला. बॅटरीच्या टोकांवर पांढरा पापुद्रा चढला होता, तो त्यांनी गरम पाण्यानं धुतला आणि मला म्हणाले, "इसी के वास्ते चालू नै होती थी. तेरे अब्बा कू बोल, गाडी का दिल कमजोर नै, उनका है." डिकी उघडली तर आत वाळूची पोती. गाडी मागून उडू नये म्हणून नानांनीच टाकलेली. चाचांनी कपाळावर हात मारला. चाकांत हवा नाना मुद्दाम कमी ठेवायचे, हाडं खिळखिळी होतात म्हणून. टपावर रिकामं कॅरिअर बारा महिने बसवलेलं, कशाला तर शोभेला. पोती उतरवली, कॅरिअर काढलं, हवा भरली. निघताना चाचा म्हणाले, "बेटी, गाडी खुद नै पीती. पिलानेवाला पिलाता. पाव संभाल."

पाय सांभाळणं हेच अवघड होतं. मी नानांचीच चेली. नाना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडवत न्यायचे, "वरच्या गिअरात ती हाताबाहेर जाती" म्हणायचे. डावा पाय सदा क्लचवर टेकलेला, बैलगाडी अगदी नाकासमोर आली की करकचून ब्रेक, आणि मग पुन्हा जोरात रेस. मीही तशीच. रोज संध्याकाळी मी गावाबाहेरच्या रस्त्यावर एक फेरी मारायची आणि परत आले की टाकीत काठी बुडवून बघायची. पेट्रोलचा काटा केव्हाच मेलेला होता, पण टाकीचं नरडं सरळ होतं, त्यामुळं तुरीची वाळकी काडी, आमच्याकडं तुराटी म्हणतात ती, सरळ तळापर्यंत जायची. बाहेर काढली की ओल उडून जायच्या आत नखानं खूण करायची. खूण रोज खाली सरकायची, आणि लयच भरभर सरकायची. एकदा चिडून मी ती काडी मोडूनच टाकली.

आई एका संध्याकाळी कण्हत कण्हत माझ्या बाजूला येऊन बसली. "चल, मी बघते." थोडं अंतर गेल्यावर म्हणाली, "सुमे, डोक्यावर घागर आन तिच्यावर कळशी असली तर तू पळत सुटतीस का?"

"न्हाई."

"पुढं म्हैस आडवी आलेली दिसली तर तिच्यापशी जाऊन गपकन थांबतीस का?"

"सांडंल की सगळं."

"मग? लांबूनच पाय हळू करतीस ना? मग हिला कामून दामटायलीस? हिच्या डोक्यावर घागर हाय असं समज."

आई आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात न लावलेली बाई. पण विहिरीवरून पाणी आणलेलं होतं तिनं, तेही चढाच्या वाटेनं. मला एकदम कळलं. दूर बैलगाडी दिसली की तिथूनच पाय उचलायचा. निघताना हळू निघायचं, आणि लवकर वरचा गिअर टाकून एका चालीनं जात राहायचं. क्लचवरचा पाय बाजूला. रोज आई यायची, डोळे मिटून बसायची, आणि गाडीला हिसका बसला की नुसतं म्हणायची, "सांडलं." मला त्या शब्दाची अशी धास्ती बसली की विचारू नका. पण तुराटीवरची खूण हळूहळू कमी कमी सरकायला लागली.

जायच्या दिवशी नानांनी स्वतः टाकी कोरडी केली, डबा ओतला, आणि रिकामा डबा मला उलटा करून दाखवला. धोतर, टोपी, नवी कोरी पैरण. पुढं बसले ते एखाद्या परीक्षेच्या साहेबासारखे. मागं आई. मी चावी फिरवली आणि लगेच निघाले.

"अगं, गरम तर होऊ दे!" नाना म्हणाले.

"चालता चालता होती," मी म्हटलं. नानांनी तोंड फिरवलं. परभणी गेलं, गंगाखेड गेलं, ऊन असं की डांबर चाकाला चिकटत होतं. मागून एकदाच "सांडलं" असं ऐकू आलं, एका ट्रकवाल्यानं अचानक आडवा ट्रक घातला तेव्हा.

सोनपेठला मामांच्या दारात गाडी लावली. गल्ली नेहमीसारखी जमलेली. भाऊमामा पुढं आले, तेच हसू. "या जावईबापू! चालूच ठेवा, चालूच ठेवा!" लोक हसले. नाना उतरायला लागले, आणि मी चावी फिरवली. इंजिन बंद.

नानांचा एक पाय खाली, एक पाय आत. ते तसेच माझ्याकडं वळले आणि दातांवर दात धरून हळूच म्हणाले, "सुमन, काय केलंस हे?"

"नाना, जेवण होऊस्तोवर ती अशीच प्यायली तर घरी पोचणार न्हाई आपण."

"आन चालू न्हाई झाली तर? याच दारात? पुन्हा?" रागावले नव्हते ते. घाबरले होते. माझे नाना, ज्यांना गावात कुणी उलटून बोलत नव्हतं, ते घाबरले होते.

जेवण काय होतं म्हणून सांगू. पुरण भरलेले धोंडे, वर तुपाची धार, भाजलेल्या धान्याच्या पिठाची, येसराची, झणझणीत आमटी, कुरडया, भजी, कैरीची चटणी. मामींनी नानांना पाटावर बसवून ओवाळलं. नानांनी धोंड्याला हात लावला, तोडला, आणि तसाच ठेवला. सगळ्या घरात बोलणं चाललेलं, तरी मला जाणवत होतं की बाहेरून इंजिनचा आवाज येत नाही म्हणून नानांना घास जात नाही. मामा खवचटपणे म्हणाले, "दाजी, आज गाडी लय शांत हाय. झोपली का?" आई मात्र पोटभर जेवली. दुसऱ्यांदा धोंडा मागून घेतला. तिच्या त्या जेवण्याकडं बघून मला धीर आला.

निघायची वेळ झाली. वाणाची परात मागच्या सीटवर, गल्लीत बाया, म्हातारे, पोरं. नाना पुढं ताठ बसले. मी चावी फिरवली. टक्.

पुन्हा फिरवली. टक्.

मामांनी बाह्या सारल्या. "चला रे, लागा कामाला! जावईबापूंची सवारी निघाली!" पोरं मागं जाऊन उभी राहिलीसुद्धा. मागून आईचा हात माझ्या खांद्यावर आला, नुसता टेकला, दाबला नाही.

तेवढ्यात नाना दार उघडून खाली उतरले. त्यांची मान लाल झाली होती. मला वाटलं, आता मला सगळ्यांसमोर बोलतात. ते गाडीच्या मागं गेले, हात आडवा केला, आणि म्हणाले, "थांबा. कुणी हात लावायचा न्हाई गाडीला. माझी पोरगी बघायलीय ना? तिला बघू द्या."

पोरं गाडीपासून बाजूला झाली. मामासुद्धा. मी उतरले. बॉनेट उघडलं. दिवा लागतो का बघितलं, लागेना. म्हणजे वीजच पोचत नव्हती. बॅटरीच्या टोकाला धरून हलवलं तर वायरची पकड हातात फिरली. त्या सगळ्या खड्ड्यांनी नट ढिला झाला होता, एवढंच. डिकीतून पक्कड आणली, आवळला, अजून आवळला. नाना माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, ऊन माझ्या डोळ्यांवर येत होतं तिथं हात धरून.

चावी फिरवली. एका झटक्यात लागली. पोरांनी आरडाओरडा केला, मामी टाळ्या वाजवायला लागल्या, आणि भाऊमामा, काही झालं तरी माणूस दिलदार, माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "दाजी, ही भाची आमची हाय बरं का." नाना म्हणाले, "नाव माझं लावती." आणि पहिल्यांदा हसले.

पण पैज अजून बाकी होती. गंगाखेडच्या अलीकडं झाडाखाली गाडी थांबवून तुराटी बुडवली. ओल जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढी होती. पंप समोर दिसत होता. आई म्हणाली, "चल." पुढं रेल्वेचं फाटक लागलं, गाड्यांची रांग, सगळी इंजिनं घुरघुरत उभी. मी आमची बंद केली. नानांनी मानसुद्धा वळवली नाही, टोपीनं वारा घेत बसले. परभणी ओलांडली. झरीचा रस्ता लागला. शिवार दिसायला लागलं तेव्हा इंजिन एकदा खोकलं. "घागर," आई मागून म्हणाली, "घागर, सुमे." मी पाय पिसासारखा हलका ठेवला. खोकला थांबला.

अंगणात गाडी उभी केली. इंजिन अजून चालूच होतं. बंद करायला माझा हात गेला, पण त्याआधी नानांचा गेला. त्यांनी कडेनं वाकून चावी धरली, आणि फिरवली. इतक्या दिवसांत आमचं अंगण संध्याकाळी एवढं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. गोठ्यात म्हैस रवंथ करत होती, तेसुद्धा ऐकू येत होतं. नाना उतरले, स्वतः तुराटी घेतली, टाकीत घातली, काढली, टोकाला ओल आहे का बघितलं, नाकाशी नेऊन वास घेतला. मग ती काडी त्यांनी फेकली नाही. ओसरीच्या वळचणीला खोचून ठेवली.

आवाज एकदम गेला म्हणून शेजारच्या गोदाकाकू भिंतीवरून डोकावल्या. "काय झालं वं? बंद पडली का आज बी?"

"पडली न्हाई, वहिनी," नाना म्हणाले. "बंद केली."

मग त्यांनी मागचं दार उघडलं. आईला गुडघ्यामुळं उतरायला वेळ लागायचा. नाना हात पुढं करून उभे राहिले आणि तिच्याकडं न बघता, जणू कालपरवापासून चाललेलं काही बोलणं पुढं न्यावं तसं म्हणाले, "उद्या शाळेला किती वाजता निघायचं?"

आईनं त्यांचा हात धरला, उतरली, पदर नीट केला. माझ्याकडं वळून म्हणाली, "सुमे, माळ्यावरचे तक्ते काढ."